माणमधला राष्ट्रीय संघ

आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या एका देशाचा राष्ट्रीय बॅडमिंटन संघ जानेवारीत तीन आठवडे हिंजवडीजवळच्या माणमध्ये होता. संघ म्हणजे चार माणसं. दोन बायका, दोन पुरुष. वेगळा प्रशिक्षक नव्हता. कॅप्टनच सराव घ्यायची, पाय मुरगळला तर पट्टी बांधायची आणि भाजी तिखट झाली तर दही आणायलाही तीच जायची. तिचं वय छत्तीस. तिकडे ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिची जोडीदार एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. पुरुषांपैकी एक शाळामास्तर, दुसरा वायरमन. चौघंही रजा काढून आले होते.

मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. नोकरी संपल्यावर मुलीजवळ राहायला माणला आले. ती हिंजवडीच्या आयटी पार्कात आहे. आमच्या इमारतीच्या मागेच बॅडमिंटनचा हॉल आहे, म्हणून सकाळी तिथे जाऊ लागले. खेळते थोडं, बघते जास्त.

हॉल तात्यांचा. तात्या साठीच्या पुढचे. त्यांची भातखाचरं आयटी पार्कात गेली, उरलेल्या जमिनीवर भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. शेवटच्या तुकड्यावर त्यांनी एका कंपनीसाठी गोदाम बांधलं. ती कंपनी आलीच नाही. तात्यांनी वाट पाहिली आणि मग आत दोन कोर्ट आखून घेतली. त्यामुळे हा हॉल आसपासच्या कोणत्याही बॅडमिंटन हॉलपेक्षा उंच आहे. वरच्या पत्र्याला शटल लावेल असा खेळाडू अजून इथे आलेला नाही.

त्या उंचीसाठीच संघ आला होता. तात्यांकडे पूर्वी भाड्याने राहिलेला एक इंजिनिअर कंपनीच्या कामासाठी त्या देशात गेला आणि संध्याकाळी या लोकांबरोबर खेळू लागला. त्यांच्याकडे खेळायला जागा एकच होती, एका शाळेचं प्रार्थनेचं सभागृह. छताच्या तुळया इतक्या खाली, की जरा उंच मारलेलं शटल त्यांनाच लागायचं. स्पर्धा मात्र व्हायच्या मोठ्या स्टेडियममध्ये. फेब्रुवारीत त्यांच्या खंडाची सांघिक स्पर्धा होती आणि तिकडच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी कॅप्टनला स्पष्ट सांगितलं होतं, की या वेळी एकही गेम न जिंकता परतलात तर पुढे बॅडमिंटनचा संघ पाठवला जाणार नाही. इंजिनिअरने तात्यांना फोन केला. तात्यांनी कोर्ट क्रमांक दोन तीन आठवड्यांसाठी, रोज सकाळी, संघाला द्यायचं कबूल केलं. राहायला शेजारच्या जांबे गावात त्यांच्या मेव्हण्याच्या इमारतीतल्या दोन खोल्या.

फोनवरच्या बोलण्यातले दोनच शब्द तात्यांच्या लक्षात राहिले होते. नॅशनल टीम.

संघ यायच्या आधी ते माझ्याकडे आले. "ताई, तुमी पेपरात व्हता. फ्लेक्सवर काय लिवायचं ते सांगा."

मी लिहून दिलं: राष्ट्रीय बॅडमिंटन संघाचं माण गावात स्वागत. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, त्यात 'आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या' आणि 'अजिंक्य' हे दोन शब्द जास्तीचे होते. खाली तात्यांचा, त्यांच्या भावाचा आणि पुतण्यांचा फोटो. खेळाडूंचा फोटो नव्हता, कारण तो कोणाकडे नव्हता.

रविवारी सत्कार झाला. चौघांना फेटे बांधले, शाल, नारळ दिले. कॅप्टनने फेट्याखालून मला इंग्रजीत विचारलं, "आम्ही अजून काही केलेलं नाही. हे कशाबद्दल?"

"आलात त्याबद्दल," मी म्हटलं.

"आमच्याकडे जाताना कोणी येत नाही," ती म्हणाली. "परत येतानाही नाही."

सत्कारानंतर सामना. समोर हॉलमधल्या लीगची विजेती जोडी. ही लीग आयटी कंपन्यांतल्या मुलांची. तिचा सचिव नागपूरचा, बत्तीस-तेहतिसाचा, जिल्हा पातळीवर खेळलेला. विजेत्या जोडीतला एक तोच. तात्यांचं म्हणणं, संघाकडून कॅप्टन खेळला पाहिजे. कॅप्टन बाई आहे आणि समोर दोन पुरुष आहेत, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी ते तात्यांना सांगितलं. तात्यांनी मान हलवली. "ताई, नॅशनल हायेत त्या. ह्या पोरांना काय घाबरतील?"

कॅप्टनला विचारलं. "खेळू," ती म्हणाली आणि फेटा काढून खुर्चीवर ठेवला.

सामना लवकर संपला. दोघी सपाट खेळत होत्या. शटल नेटच्या वरून, सरळ, वेगात. हाताला चपळाई होती, डोळा तयार होता. पण समोरचे दोघं उंच होते आणि सरळ येणारं शटल त्यांच्या रॅकेटवरच येत होतं. मग सचिवाने एक टॉस मारला. शटल उंच चढवून मागच्या रेषेपर्यंत पाठवण्याला इथे टॉस म्हणतात. शटल पत्र्याच्या दिशेने चढलं आणि ती एकोणीस वर्षांची मुलगी जागच्या जागी थांबली. तिने डावा हात वर केला. शटल सावकाश खाली येऊन तिच्या मागे, रेषेच्या आत पडलं.

लोकांना आधी कळेना. दुसऱ्या टॉसला तिने पुन्हा हात वर केला.

"आरं, एसटीला हात दावतीया का काय!" मागून आवाज आला. मेंढरं बाहेर झाडाखाली बसवून आत आलेला म्हातारा होता. सगळा हॉल हसला.

"कंडक्टर, थांबवा हो! पावनी राहिली!"

तिसऱ्या टॉसला लोक तिच्या आधीच हात वर करून बसले होते. मुलीने वर बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि तिचा हात अर्ध्यावर गेला. सामना एकवीस-आठ सुटला. त्यानंतर शाळामास्तर आणि वायरमन उतरले, तेही हरले.

तात्या पुढच्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारचा पुतण्या म्हणाला, "तात्या, अजिंक्य म्हंजी काय वो?" तात्या उठून बाहेर गेले. संध्याकाळपर्यंत चौकातला फ्लेक्स त्यांनीच उतरवला होता.

हात वर करण्याचं कारण कॅप्टनने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांच्या शाळेच्या सभागृहात तुळईच्या वर शटल गेलं, की डाव थांबतो. तो गुण कोणाचाच नाही, पुन्हा सर्व्हिस. त्यासाठी जो आधी बघेल त्याने डावा हात वर करायचा. ही मुलगी आठ वर्षांची असल्यापासून त्या सभागृहात खेळते. तिच्या अंगात तो हात बसलेला आहे. बाहेरच्या प्रत्येक स्पर्धेत ती हात वर करते, आणि एकदा दोनदा गुण गेले, की पुढे तिला काही सुचत नाही.

"मलाही होतं ते," कॅप्टन म्हणाली. "मी फक्त हात खिशात ठेवायला शिकले आहे. मी खिशाची चड्डी घालते ती त्यासाठीच." आणि खिसा उलटा करून दाखवला. त्यात एक लिमलेटची गोळी होती.

सोमवारी सकाळी संघ हॉलवर आला तेव्हा कोर्ट दोनवर लीगची मुलं खेळत होती. तात्यांनी मला बोलावून घेतलं. कॅप्टनशी ते सरळ बोलू शकत नव्हते, आणि मला वाटतं, शकले असते तरी त्या दिवशी बोलले नसते.

"त्यांना सांगा, लीगला सराव करायचाय. कंपन्यांची मोठी मॅच हाय. ह्यांच्यासाठी आपण समाजमंदिरात लाइनी मारून देतो. फरशी चांगली हाय. पंखे हायेत."

मी भाषांतर केलं. कॅप्टनने समाजमंदिर बघायचं म्हटलं. आम्ही तिघी गेलो. तात्या मागून आले. खाली सतरंज्यांचे गठ्ठे, भिंतीला लागून लग्नाच्या खुर्च्या, आणि वर स्लॅब. मुलीने आत पाऊल टाकताच वर बघितलं. कॅप्टनने खिशातून शटल काढलं आणि साधीच सर्व्हिस केली. शटल पंख्याला लागून खुर्च्यांत पडलं.

कॅप्टन हसायला लागली. बराच वेळ हसली. मग म्हणाली, "तात्यांना विचारा, आमचा हॉल त्यांनी इथे कसा आणला? आम्ही दोन विमानं बदलून त्याच्यापासून पळून आलो होतो."

मी सांगितलं. तात्या ओशाळले, पण बोलले तेच. "दुसरं काय न्हाई माझ्याकडं."

"त्यांना सांगा, आम्ही इथे सराव करणार नाही. त्यांच्याच हॉलमध्ये करणार."

"कोर्ट दिलंय म्हनावं."

"त्यांच्या हॉलचा एक नियम आहे ना?" कॅप्टन म्हणाली. "बाकावरचा?"

तो नियम तिने दोन दिवसांत बघून ठेवला होता. कोर्ट दोन आता लीगचं होतं. पण कोर्ट एकला सकाळी सहा ते आठ बुकिंग नसतं. जो येईल त्याने आपली रॅकेट भिंतीकडच्या बाकावर ठेवायची. रॅकेटी ज्या क्रमाने, त्या क्रमाने पाळी. एक गेम खेळायचा. हरेल ती जोडी उतरते, जिंकेल ती कोर्टावर राहते, आणि बाकावरची पुढची जोडी चढते. बाई-पुरुष, लहान-मोठा, मेंबर-बिगरमेंबर असा भेद त्यात नाही. हा नियम तात्यांनीच केला होता, पहिल्या महिन्यात, कोर्टावरून भांडणं झाली तेव्हा. तात्यांनी एकदा केलेला नियम माणमध्ये कोणी मोडत नाही. मोडलाच तर तात्याच मोडतात.

"बाकावर कुनीबी ठेवू शकतं," तात्या कबूल झाले. "पर त्यात काय मिळनार? हरली की उतरायचं. पाच मिनिटांत खाली."

"मग पुन्हा ठेवू," कॅप्टन म्हणाली.

मंगळवारी सहाच्या आधी चौघं हॉलच्या शटरपाशी उभे होते. जांबेहून चालत आले होते. थंडी होती, वायरमनने सत्काराची शाल गुंडाळली होती. शटर वर गेलं आणि बाकावर पहिल्या दोन रॅकेटी त्यांच्या लागल्या. दुसऱ्या जोडीने मध्ये दोन जोड्या सोडून आपल्या ठेवल्या, म्हणजे आपसात गाठ पडायची नाही.

ते पहिल्याच गेमला हरले, उतरले आणि रॅकेटी बाकाच्या शेवटी ठेवल्या. पाळी आली, चढले, हरले, उतरले. दोन्ही जोड्या. आठ वाजेपर्यंत हेच. बुधवारी हेच. पण बुधवारी माझ्या लक्षात एक गोष्ट आली. दोघी सपाट खेळतच नव्हत्या. सोप्यातलं सोपं शटलसुद्धा त्या खालून उचलून वर मारत होत्या, मागच्या रेषेकडे. जवळचं, लांबचं, अंगावर आलेलं, सगळं वर. बहुतेक अर्ध्यातच पडायचं आणि समोरचा ते स्मॅश करून संपवायचा.

मी कॅप्टनला म्हटलं, की सपाट खेळलात तर यातल्या काही जोड्यांना तुम्ही हरवू शकाल. मग कोर्टावरही राहता येईल. असं का करत नाही?

"सपाट आम्हाला येतं," ती म्हणाली. "ते शिकायला माणला यायची गरज नव्हती. गुण त्यांना घेऊ द्या. मला छत हवंय."

मुलगी मात्र रडकुंडीला आली होती. शटल वर गेलं, की तिचा हात हलायचा. पूर्ण वर जायचा नाही, पण खांद्यापर्यंत यायचा. बाकावरची मुलं बघत असायची आणि कोणीतरी हळूच "टिंग टिंग" करायचं, एसटीच्या घंटीसारखं. एकदा ती उतरल्यावर कॅप्टनला काहीतरी म्हणाली, त्यांच्या भाषेत, आणि रॅकेट पिशवीत घालू लागली. कॅप्टनने पिशवीतून रॅकेट काढून पुन्हा बाकावर ठेवली. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाळी आली तेव्हा मात्र कोर्टावर गेली.

सचिवाला हे सगळं आवडत नव्हतं. त्याची बाजूही सांगितली पाहिजे. एकदा चहाच्या टपरीवर तो माझ्याजवळ आला.

"काकू, तुम्ही त्यांची बाजू घेता, घ्या. पण मी चौदा वर्षांचा असल्यापासून खेळतो. पहाटे सायकलने जायचो. जिल्ह्यापर्यंत पोचलो, पुढे स्टेटच्या ट्रायलला पहिल्याच राउंडला गेलो. मला कोणी फेटा नाही बांधला. आणि ही बाई माझ्याशी आठ गुण करते, अन् नॅशनल कॅप्टन! काहून?"

कॅप्टन मागेच उभी होती. तिने विचारलं तो काय म्हणतोय. मी सचिवाकडे बघितलं. तो म्हणाला, "सांगा ना. खोटं आहे का काही?" मी सांगितलं.

कॅप्टनने चहा संपवला. "त्याचं बरोबर आहे," ती म्हणाली. "तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो. आमच्या देशात जन्मला असता तर संघात असता. पण मग रोज संध्याकाळी आधी प्रार्थनेच्या खुर्च्या उचलाव्या लागल्या असत्या, खेळून झाल्यावर परत मांडाव्या लागल्या असत्या. दर पावसाळ्यात छपराला डांबर लावावं लागलं असतं. मुख्याध्यापक बदलले, की पुन्हा परवानगी मागावी लागली असती. तुमच्याकडे राष्ट्रीय संघात यायला हजारांना हरवावं लागतं. आमच्याकडे संघ शिल्लक राहावा यासाठीच कोणाला तरी खेळत राहावं लागतं. मी तेच करतेय."

तो इंग्रजीत म्हणाला, "पण तुम्ही हरता."

"हरते. स्पर्धेच्या यादीत आमच्या देशाचं नाव असतं, म्हणून हरता येतं. नाव नसेल तर हरायलाही कोणी नसेल."

सचिवाला पटलं असं नाही. पण नंतर "टिंग टिंग" करणाऱ्या एकाला तो "बस कर बे," म्हणाल्याचं मी ऐकलं.

दुसऱ्या आठवड्यात गेम लांबायला लागले. टॉस आता अर्ध्यात पडत नव्हते, मागच्या रेषेच्या जवळ जाऊ लागले होते. मागे गेलेल्या शटलवर स्मॅश मारायला ताकद लागते, आणि मारलं तरी ते परत येत होतं, पुन्हा उंच, पुन्हा मागे. हरत होत्या त्या दोघीच. पण आधी पाच मिनिटांत हरायच्या, आता पंधरा मिनिटांत. बाकावर रॅकेटींची रांग वाढली. आठनंतर कंपन्यांच्या बसा सुटतात. दोन मुलांची बस चुकली, एकजण अंघोळ न करता ऑफिसला गेला.

"अहो काकू, सांगा ना त्यांना," मुलं मला म्हणू लागली. "काय नुसतं उचलून उचलून देतात. हरायचंच आहे तर लवकर हरा म्हणावं."

मी कॅप्टनला सांगितलं. तिला ते फार आवडलं. तिने ते आपल्या भाषेत बाकीच्यांना सांगितलं आणि वायरमन टाळ्या वाजवायला लागला.

तात्या आता रोज सकाळी खुर्ची टाकून बसत होते. समाजमंदिर दाखवल्यानंतर आठवडाभर ते हॉलकडे फिरकले नव्हते. एकदा मला म्हणाले, "ताई, हिला इचारा, तिच्या देशात ह्यो खेळ खेळनारी मानसं किती?"

कॅप्टन म्हणाली, "चौघं तर इथेच आहेत. राहिलेले या आठवड्यात खुर्च्या उचलताहेत."

तात्या मोठ्याने हसले. सत्काराच्या दिवसानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. "मग हरनारच की वं तुमी! आन् मी येडा, फ्लेक्स लावून बसलो." थोड्या वेळाने म्हणाले, "चूक त्यांची न्हाई. पोरगी बघितली न्हाई तवरच आपन साखरपुडा करून टाकला."

त्या दिवसापासून त्यांच्या घरून चौघांना भाकरी आणि पिठलं येऊ लागलं. शाळामास्तर भाकरी दोन्ही हातांनी पोळीसारखी गुंडाळायला बघायचा आणि ती मोडायची, आणि डबा घेऊन आलेली तात्यांची बायको हॉलच्या दारातून ओरडायची, "आरं, मोड! मोडूनच खायाची आसती ती!"

शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी ते घडलं. कोर्टावर कोल्हापूरकडची दोन मुलं होती, नवीन नोकरीला लागलेली, लीगमध्ये तिसरी आलेली जोडी. दोघी चढल्या. वीस-वीस झालं. मग मोठ्या मुलाने एक टॉस असा मारला, की शटल थेट पत्र्याखालच्या लोखंडापर्यंत गेलं असं मला वाटलं. मी मुलीकडे बघत होते. तिचे दोन्ही हात रॅकेटवर होते. ती मागे गेली, शटलखाली उभी राहिली, थांबली, आणि त्याच उंचीचा टॉस परत मारला. कोल्हापूरचा मुलगा ते सोडावं की मारावं या विचारात राहिला. शटल रेषेवर पडलं. पुढचा गुण त्याने नेटमध्ये घातला.

"आयला भावा, गेलं की!" तो जोडीदाराला म्हणाला.

दोघींनी हात मिळवले, टॉवेल उचलले आणि कोर्टावरून उतरून बाकाकडे चालू लागल्या. रोजच्यासारख्या. रॅकेटी शेवटी ठेवायला वाकल्यासुद्धा.

"अगं कुटं चाललीस!" तात्या खुर्चीतून उठून ओरडले. "जिकलीस की! तितंच उभी र्‍हा! जितलेल्यानं उतरायचं नसतंय!"

त्यांना काही कळलं नाही. मी सांगितलं. कॅप्टन वळली आणि कोर्टावर परत गेली. तीन आठवडे हरून उतरायची इतकी सवय झाली होती, की जिंकल्यावर थांबायचं असतं हे नियम माहीत असूनही दोघींना आठवलंच नव्हतं.

पुढची पाळी सचिवाच्या जोडीची होती. तो रॅकेट घेऊन चढला नाही. तात्यांकडे आला.

"तात्या, एक बोलायचं आहे. आठ वाजत आले. ह्या दोघी एक गेम अर्धा तास खेळतात. जिंकून थांबणार असतील तर आमचा नंबरच लागायचा नाही. लीगमध्ये ठरलंय, बाकाचा नियम फक्त मेंबरांसाठी ठेवा. बाहेरच्यांनी एक गेम खेळावा न् उतरावं. जिंकले तरी."

"कुनी ठरवलं?"

"लीगने. सगळ्यांच्या सह्या घेऊ शकतो."

"लीगनं." तात्यांनी शब्द चघळला. "ह्यो हॉल कुनाचा हाय?"

"तुमचाच आहे, पण..."

"ह्याच्याखालचं खाचर कुनाचं व्हतं?"

"तात्या, तसं नाही म्हणत मी."

"मग नियम कुनाचा आसनार? इतके दिस त्या हरत व्हत्या तवा नियम चांगला व्हता. कुनी सह्या घेतल्या न्हाईत. आज एक डाव गेला तर लगीच मेंबर आन् बिगरमेंबर? जा, खेळ. हरव आन् उतरव. तुला कुनी आडवलंय?"

सचिव लाल झाला. बाकावर कोणीतरी हसलं. कॅप्टनने मला खुणेनेच विचारलं. मी थोडक्यात सांगितलं. ती कोर्टाच्या मध्यातून सचिवाला म्हणाली, "या. तुमची बस जायच्या आत."

तो चढला. गेम आठच्या पुढे गेला. दोघी हरल्या, पण गुण जवळ जवळ होते, आणि शेवटचे चार-पाच गुण मिळवायला सचिवाला कोर्टभर पळावं लागलं. संपल्यावर तो वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. मग नेटपाशी गेला, मुलीशी हात मिळवला आणि म्हणाला, "बॅकहँडला जरा लवकर वळ." पुढे त्याने ते दाखवलंही. त्याची बस गेली होती.

रविवारी संघ गेला. फेटे, फ्लेक्स काही नव्हतं. तात्यांच्या बायकोने भाकऱ्या बांधून दिल्या, मोडायच्या कशा ते पुन्हा सांगितलं.

फेब्रुवारीत स्पर्धा झाली. कॅप्टनने दुपारी तात्यांना व्हिडिओ फोन केला आणि तात्या फोन घेऊन माझ्याकडे आले. सगळ्या लढती ते हरले होते. पण मुलगी एकेरीत एक गेम जिंकली होती, यजमान देशाच्या खेळाडूविरुद्ध. मुलगी मागे दिसत होती. स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून काहीतरी खात होती, आणि तिने मान वर केली नाही.

मी क्रीडा अधिकाऱ्यांचं विचारलं.

"आता ते म्हणतात, एक गेम म्हणजे नशीब. म्हणतात, आम्हाला सामना जिंकणं अपेक्षित होतं. तसं ते आधी म्हणाले नव्हते."

"मग?"

"मी सांगितलं, पुढच्या वर्षी आम्ही जाणार. तुम्ही पाठवा, नाहीतर आम्ही आमचे जाऊ. नाव नोंदवायची मुदत मला पाठ आहे."

मी हे तात्यांना मराठीत सांगितलं. तात्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, तोंडाजवळ धरला आणि मराठीतच, जोरात, म्हणाले, "जानेवारीत या! आयकू येतंय का? जानेवारी!"

तेवढा शब्द तिला कळला. तिने अंगठा दाखवला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी रंगारी आणला. कोर्ट दोनच्या मागच्या भिंतीवर त्याने हिरव्या रंगात लिहिलं: जानेवारी महिन्यात सकाळी हे कोर्ट बंद.

सचिव ते वाचत उभा राहिला. "तात्या, बंद म्हणजे? दुरुस्ती आहे का काही?"

"दुरुस्ती कशाची?" तात्या म्हणाले. "तुमच्यासाठी बंद."